शाळेत राजकारण कुणी आणले?

(मालवण येथे शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे नाव या जिल्ह्याला परके नाही. सावंतवाडीजवळच्या कोलगावात १८६७ साली त्यांचा जन्म झाला. वेदांचे भाष्यकार म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी, आयुष्याची शंभर वर्षे पूर्ण करून, त्यांनी देह ठेवला. परंतु या वेदमूर्तीच्या एका लेखामुळे दोन शिक्षकांना तुरुंगात जावे लागले होते, ही हकिकत मात्र त्यांच्या जन्मभूमीतही फारशी सांगितली जात नाही. आजच्या विषयाची सुरुवात तेथूनच करणे उचित ठरेल.

कोल्हापुरातून निघणाऱ्या 'विश्ववृत्त' मासिकात १९०८ साली सातवळेकरांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख प्रसिद्ध झाला. विषय हजारो वर्षांपूर्वीच्या प्रार्थनांचा. तरीही त्यात इंग्रज सरकारला राजद्रोह दिसला. खटला उभा राहिला. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर आणि पुढे 'रागिणी'कार म्हणून कीर्ती मिळवलेले वामन मल्हार जोशी यांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. या दोघांची आणखी एक ओळख होती. विजापूरकर हे 'समर्थ विद्यालय' या राष्ट्रीय शाळेचे संस्थापक आणि वामन मल्हार हे तेथील शिक्षक. कोल्हापुरात १९०६ च्या सुमारास सुरू झालेली ही शाळा पुढे तळेगाव दाभाडे येथे गेली. मातृभाषेतून शिक्षण, हाताला उद्योग, धर्माचे संस्कार आणि देशाविषयी ममत्व, एवढाच तिचा 'कट' होता. १९१० मध्ये सरकारने ती शाळाच बंद पाडली.

सैन्य, आगगाडी, तारयंत्र आणि तुरुंग ज्याच्या हाती आहेत, त्या साम्राज्याला मूठभर मुलांच्या एका शाळेचे भय का वाटावे? सरकारी उत्तर ठरलेले होते: शाळेत राजकारण शिरले, विद्यार्थ्यांची माथी भडकवली जात आहेत, म्हणून बंदोबस्त करावा लागला. हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे. कारण शाळेत राजकारण कुणी आणले, या प्रश्नाचा निकाल लागल्याखेरीज 'बंदोबस्त' न्याय्य होता की नाही, हे ठरवता येत नाही.

पहिला धडा सरकारचाच

समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावरचा मुलगा खिडकीतून हा किल्ला पाहत असे, आणि हातातले पुस्तक मात्र त्याला वेगळीच गोष्ट सांगत असे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याचे मराठी भाषांतर डेव्हिड केपन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने केले आणि तेच शाळांतून शिकवले जाऊ लागले. ग्रँट डफचे परिश्रम मोठे होते, हे मान्य करावेच लागेल. परंतु मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या वाळल्या गवतात अकस्मात पेटलेला वणवा, ही त्याची कल्पना निरागस नव्हती. वणवा पेटतो आणि विझतो. त्यामागे विचार नसतो, संघटना नसते, राज्यकर्तृत्व नसते. शिवरायांच्या किल्ल्याच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाला हे शिकवणे, यापरते राजकारण ते कोणते?

या पुस्तकाला पहिले जाहीर उत्तर एका विद्यार्थ्याने दिले, ही गोष्ट शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. १८६७ मध्ये पुण्यातील नीलकंठ जनार्दन कीर्तने या महाविद्यालयीन तरुणाने ग्रँट डफवर टीकालेख वाचला. त्यात शिवीगाळ नव्हती. ग्रंथकाराने कोणती साधने पाहिली, कोणती पाहिली नाहीत, याची चिकित्सा होती. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात त्या वणव्याच्या उपमेचा समाचार घेतला. रानडे सरकारी न्यायाधीश होते, कोणी माथेफिरू नव्हेत.

सरकारने मात्र पाठ्यपुस्तकाचा मार्ग सोडला नाही. मुंबई इलाख्यातच कारकीर्द घडलेल्या विल्यम ली-वॉर्नर या सनदी अधिकाऱ्याने हिंदी विद्यार्थ्यांसाठी नागरिकशास्त्राचे एक पुस्तक लिहिले. ब्रिटिश राज्यामुळे या देशाला काय काय लाभले, याचा तो पाठ होता. ते प्रसिद्ध झाले १८९७ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता, रँडचा वध झाला आणि लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे सरकारची स्तुती शिकवली की ते नागरिकशास्त्र, आणि देशाच्या दैन्याची कारणे सांगितली की तो राजद्रोह! परकीय सत्तेच्या कोशात 'राजकारण' या शब्दाचा अर्थ 'आपल्याविरुद्धचे राजकारण' एवढाच होता.

अनुदानापासून तुरुंगापर्यंत

या परिस्थितीतून बाहेर पडण्याचा मार्ग विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी दाखवला. ते सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' चालू असतानाच त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. मालेतील लिखाण हेच बदलीचे कारण, असे तेव्हा बोलले गेले. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. सरकारी पगार घेऊन सरकारविरुद्ध चोरून शिकवण्यापेक्षा पगार सोडून उघडपणे शिकवावे, हा त्यांचा मार्ग. १८८२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० मध्ये, त्यांचा 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध सरकारने जप्त केला. ती बंदी उठायला १९३७ साल उजाडावे लागले.

वंगभंगाच्या चळवळीत हा संघर्ष देशव्यापी झाला. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारचे सचिव कार्लाइल यांचे परिपत्रक निघाले: ज्या शाळांचे विद्यार्थी स्वदेशी-बहिष्काराच्या चळवळीत भाग घेतील, त्यांचे अनुदान व शिष्यवृत्त्या बंद होतील. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी तेच धोरण सर्व प्रांतांसाठी लागू केले. या दोन कागदांत परकीय सत्तेची सारी रीत उलगडते. आधी अनुदानाची धमकी. मग शिष्यवृत्तीची. मग शाळेची मान्यता काढण्याची, म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षेला मुले बसूच शकणार नाहीत. प्रमाणपत्र नाही म्हणजे सरकारी नोकरीही नाही. आणि एवढ्याने भागले नाही, तरच पोलीस आणि कायदा. समर्थ विद्यालयावर थेट शेवटचा उपाय योजावा लागला, कारण पहिल्या उपायांना तेथे जागाच नव्हती. जी शाळा अनुदान मागत नाही आणि सरकारी परीक्षेच्या मागे लागत नाही, तिला भय कशाचे दाखवणार?

या रीतीचा सर्वांत क्लेशदायक भाग असा की बंदोबस्ताचे काम आपल्याच माणसांकडून करून घेतले जाई. अनुदान वाचवायचे तर मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यांची नावे कळवायची. गुरू आणि शिष्य यांच्यात संशयाची भिंत उभी राहिली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणाऱ्या फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थ्याला दहा रुपये दंड झाला आणि त्याला वसतिगृहातून काढण्यात आले. तो विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर. दंड करणारे प्राचार्य रँग्लर परांजपे काही देशद्रोही नव्हते. अल्प वेतनावर शिक्षणाला आयुष्य वाहिलेले ते थोर अध्यापक होते. परंतु सरकारी अनुदानावर चालणारी संस्था टिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. एवढ्या मोठ्या माणसाचेही हात अनुदानाने बांधले जातात, हा यातला धडा आहे.

हनोई, कोरिया आणि सिंगापूर

हे केवळ इंग्रजांनी आणि केवळ हिंदुस्थानात केले, असे नाही. रिस्ले परिपत्रकाच्याच वर्षी, १९०७ मध्ये, व्हिएतनाममधील हनोई शहरात देशभक्त विद्वानांनी फी न घेणारी एक शाळा काढली. व्हिएतनामी लिपीचा प्रसार, आधुनिक विद्या आणि स्वदेशी उद्योग हा तिचा कार्यक्रम. फ्रेंच सरकारने वर्षाच्या आत ती बंद केली. कोरियात पाय रोवू लागलेल्या जपानने १९०८ मध्ये खासगी शाळांना आणि त्यांच्या पुस्तकांना सरकारी मंजुरी सक्तीची करणारा कायदा आणवला. तीन साम्राज्ये, तीन भाषा आणि भीती एकच.

सिंगापूरचे उदाहरण थोडे निराळे आहे आणि म्हणून अधिक विचार करायला लावणारे आहे. तेथील चिनी शाळांतून चीनमधल्या राजकारणाचे वारे वाहत होते. १९१९ मध्ये जपानविरोधी दंगली झाल्या. १९२० मध्ये इंग्रजांनी शाळा, व्यवस्थापक आणि शिक्षक या सर्वांची नोंदणी सक्तीची करून शाळा बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. तरीही शाळांतील राजकारण थांबले नाही. पुढे त्याच शाळांत कम्युनिस्टांनी आपले जाळे विणले आणि १९५० च्या दशकात शाळकरी मुले रस्त्यावरच्या दंगलींत उतरली. सरकारची दडपशाही चूक होती, तशीच कोवळ्या मुलांना पक्षाच्या कामाला जुंपणेही चूक होते. एका चुकीने दुसरी धुतली जात नाही.

तेरेखोलच्या पलीकडे

या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण पाहायला मात्र समुद्र ओलांडण्याची गरज नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की पुरे. गोव्यात पोर्तुगीजांनी भाषेवरच घाव घातला होता. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने गोवा हादरला, आणि पुढच्याच वर्षी, १६८४ च्या जूनमध्ये, व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी आपली बोली टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी. फर्मान कागदावर राहिले, भाषा घराघरांत राहिली. विसाव्या शतकात सालाझारच्या हुकूमशाहीने तोच हेतू नव्या साधनांनी पुढे नेला. गोमंतकीयांचे राष्ट्रीयत्व कसे पुसले जात आहे, हे १९४४ मध्ये त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी पुस्तिका लिहून मांडले. दोन वर्षांनी त्यांना पकडून पोर्तुगालच्या तुरुंगात धाडण्यात आले.

अशा गोव्यात मराठी शाळा हाच समाजाचा श्वास होता. १९५० मध्ये सांगलीकडचा मनोहर आपटे नावाचा वीस वर्षांचा तरुण फोंडे महालातील सावई-वेरे येथे मराठी शिक्षक म्हणून गेला. गोवा मुक्तिसंग्रामात तो मोहन रानडे या नावाने ओळखला जाऊ लागला. आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात तो उतरला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी हा शिक्षक लिस्बनजवळच्या तुरुंगातच होता. त्याच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी अविश्रांत धडपड केली आणि अखेर जानेवारी १९६९ मध्ये तो सुटला. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता कामा नये. शिक्षकाने हाती शस्त्र घ्यावे का? साने गुरुजींनी १९३० मध्ये अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडली आणि मगच ते सत्याग्रहात उतरले. ब्रिटिश हिंदुस्थानात सभा होती, वृत्तपत्र होते, कायदेमंडळ होते. ती सारी अपुरी आणि वेळोवेळी गळचेपी झालेली, पण होती. म्हणून वर्गाचे दार लावून मैदानात जाणे शक्य होते. सालाझारच्या गोव्यात सभा नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, राजकीय पक्ष नाही. जेथे मैदानच उरत नाही, तेथे राजकारण देवळात, घरात आणि शाळेत येते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. शाळेत राजकारण प्रथम आणते ती पाठ्यपुस्तक लिहिणारी परकी सत्ता, आणि दुसऱ्यांदा आणते तीही सत्ताच, बाहेरचे सर्व दरवाजे बंद करून.

राष्ट्रीय शाळा का टिकल्या नाहीत?

मग राष्ट्रीय शाळांचा पराभव सरकारने केला का? सगळा दोष सरकारच्या माथी मारणे सोयीचे आहे, पण सत्याला धरून नाही. डिसेंबर १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्याबरोबर राष्ट्रीय शिक्षणाचाही ठराव केला. उत्साहाच्या लाटेत शाळा निघाल्या. काही बंदीमुळे गेल्या. पुष्कळशा मात्र पटावर मुले उरली नाहीत म्हणून गेल्या. राष्ट्रीय शिक्षणाला टाळ्या वाजवणाऱ्या वकिलाने आणि कारकुनाने आपला मुलगा सरकारमान्य शाळेतच घातला, कारण मॅट्रिकचा दाखला तेथेच मिळत होता. परिपत्रकाची धमकी चालली, ती या दाखल्याच्या ओढीमुळे.

ज्या संस्था टिकल्या, त्यांनी देशप्रेमाला विद्येची आणि कौशल्याची जोड दिली होती. बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या तंत्रशाळेतून आजचे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या या महाविद्यालयाच्या नावात आज 'टोपीवाला' आणि 'राष्ट्रीय' हे दोन्ही शब्द शेजारी उभे आहेत. पैकी 'टोपीवाला' हे नाव आपल्याच कोकणातील दानशूर देसाई घराण्याचे. विजापूरकरांनीही तुरुंगातून सुटल्यावर हार मानली नाही. १९१८ मध्ये तळेगावी त्यांनी नवे समर्थ विद्यालय उभे केले.

आजची कसोटी

परकी सत्ता गेली. तिने वापरलेली साधने मात्र गेली नाहीत. अनुदान, मान्यता, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा ही चारही आज आपल्याच निवडून दिलेल्या सरकारांच्या हाती आहेत. अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा २००० मध्ये आला, तेव्हा त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये न्यायालयाने तो आराखडा वैध ठरवला. सत्ता बदलली आणि २००५ मध्ये दुसरा आला. पुन्हा सत्ता बदलली आणि २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा आणखी एक. प्रत्येक वेळी एक बाजू म्हणते, राजकारण काढले; दुसरी म्हणते, राजकारण घातले. अशा वेळी 'सत्ता कुणाची' एवढेच पाहून टाळी वाजवणे किंवा नाक मुरडणे सोपे असते. राष्ट्रीय शिक्षणाचा वारसा सांगणाऱ्यांनी त्याहून कठीण कसोटी लावली पाहिजे, आणि ती स्वतःपासून लावली पाहिजे.

पहिली कसोटी पुस्तकाची. हे पुस्तक वाचून वर्गात एखादा नीलकंठ कीर्तने उभा राहू शकेल का? 'याला पुरावा काय?' असे त्याने विचारले, तर शिक्षक रागावतील की आनंदतील? शिवरायांचे कर्तृत्व पुराव्याच्या उजेडात अधिकच तेजस्वी दिसते. त्याला प्रश्नांपासून लपवण्याची गरज नाही.

दुसरी कसोटी शिक्षकाची. मुलांना देश समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्या मुलांना कोणत्याही पक्षाच्या, अगदी आपल्या आवडत्या पक्षाच्याही, मिरवणुकीतली गर्दी म्हणून वापरणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. ज्याला मैदानात उतरायचे आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र देशात मैदान मोकळे आहे.

तिसरी कसोटी समाजाची, म्हणजे समोर बसलेल्या पालकांची. कोकणातील कितीतरी शाळा मुंबईच्या चाकरमान्यांनी घामाच्या पैशातून बांधल्या. छपरावरची कौले, बाके, प्रयोगशाळा, सारे वर्गणीतून उभे राहिले. ती सवय आता सुटत चालली आहे. शाळा म्हणजे सरकारची जबाबदारी, आणि आपली जबाबदारी म्हणजे शहरातल्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळवणे, अशी समजूत रूढ होत आहे. शाळेच्या खर्चाचा काही भाग तरी गाव उचलत असेल, तर त्या शाळेला कोणत्याही सरकारसमोर ताठ मानेने बोलता येते. सर्वस्वी दुसऱ्याच्या पैशावर जगणाऱ्या शाळेला उद्या कोणते परिपत्रक येईल, याची वाट पाहत बसावे लागते.

कोलगावच्या सातवळेकरांचा एक लेख, कोल्हापूरचे एक मासिक आणि तळेगावची एक शाळा यांचे साम्राज्याला भय वाटले, कारण त्यांच्यामागे उभी असलेली माणसे विकत घेता येत नव्हती. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेमागे अशी पाच-दहा माणसे तरी उभी राहावीत. आज येथून घरी जाताना आपल्या गावच्या शाळेचे छप्पर कसे आहे, ग्रंथालयात कोणती पुस्तके आहेत आणि शिक्षकांना काय हवे आहे, एवढी चौकशी प्रत्येकाने केली, तरी पुष्कळ काम झाले असे समजावे.